तळ्यावर गेलात की आधी पाण्याकडं पाठ करा

रविवारी संध्याकाळी आमच्या तळ्यावर या, जत्रा भरलेली असते. तालुक्यावरनं पोरं गाड्या काढून येतात, कोणी गळ टाकून बसलेलं, कोणी पोहतंय, एखादं नवं जोडपं भरावावर फोटोशूट करतंय, भेळवाला तर आता कायमचाच झालाय. आणि सगळ्यांची तोंडं पाण्याकडं. मी गेली सातआठ वर्षं पावसाळ्यात तिथं जातो आणि पाण्याकडं पाठ करून उभा राहतो, पहिल्यांदा पोरं मला येडाच समजायची. पण मातीचं धरण आजारी पडलं की बहुतेक वेळा ते कोरड्या अंगाला कळतं, आणि त्या अंगाला बघायला कोणी जात नाही कारण तिकडं नुसती घाणेरी, काटे आणि उकिरडा असतो. तर हे लिहिणं त्या कोरड्या अंगाबद्दल. आपल्या गावाच्या तळ्याची राखण आपल्याला कशी करता येईल, इंजिनियर नसताना, एवढंच.

आमचं तळं म्हणजे बाहत्तरच्या दुष्काळातला पाझर तलाव, नगरकडं असे गावोगाव आहेत. आजी त्या कामावर पाट्या टाकायला होती, सुकडी खाऊन दिवस काढले म्हणायची. लांबून बघितलं तर मातीचा ढीग वाटतो पण तसा तो नाहीये. मध्ये काळ्या चिकण मातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो, दोन्ही अंगाला मुरमाचा भराव, तो गाभ्याला धरून ठेवतो, पाण्याकडच्या उतारावर दगडाचं पिचिंग म्हणजे लाटांनी माती खाऊ नये म्हणून, आणि कोरड्या बाजूला पायथ्याशी दगडांचा पट्टा, भरावात मुरलेलं पाणी तिथनं निवांत निघून जावं म्हणून. एका टोकाला सांडवा, म्हणजे तळं भरल्यावर जादा पाणी बाहेर जायची वाट. पाझर तलावाला बहुतेक ठिकाणी कालवा नसतोच, पाणी तळातनं जमिनीत मुरायचं आणि खालच्या विहिरींना लागायचं हाच त्याचा धंदा, त्यामुळं तळ्याच्या खालच्या ओढ्यात थोडं स्वच्छ पाणी वाहताना दिसलं की लगेच धरण फुटतंय म्हणून ग्रुपवर बोंब मारू नका. पाणी जमिनीखालनं येतंय का भरावाच्या पोटातनं येतंय, हा खरा प्रश्न, आणि तो बघायला चालावं लागतं.

कधी जायचं

मे अखेरीला एकदा, तळं आटलेलं असताना. मग पहिला मोठा पाऊस होऊन पाणी झपझप चढलं की लगेच. सांडवा वाहायला लागला की रोज, जमलं तर दोनदा. पाऊस उघडल्यावर एकदा. आणि एक फेरी माझी स्वतःची लाडकी, माघ-फाल्गुनातली. तेव्हा भरावावरचं सगळं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, आणि त्या पिवळ्यात कुठं हिरवागार तुकडा दिसला, लव्हाळा उगवलेला दिसला, तर समजा तिथं खाली ओल आहे. पावसाळ्यात सगळंच हिरवं, तेव्हा कितीही डोळे फाडले तरी हे कळत नाही. आमच्याकडं असा एक घोंगडीएवढा तुकडा आहे, सांडव्याकडनं मोजत गेलं की भरावाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात, त्याला आम्ही लॉन म्हणतो.

बरोबर काय घ्यायचं? लांब काठी, कारण गवतात जनावर असतं आणि काठी आपटत गेलं की ते आपणहून बाजूला होतं. गमबूट. पोतंभर नको पण पिशवीभर चुना. मोजपट्टी, फूट-दीड फुटाची बारीक सळई, पाण्याची रिकामी पारदर्शक बाटली, दहा लिटरची बादली आणि फोन. एकटं जायचं नाही, पावसाळ्यात तर नाहीच नाही.

कसं चालायचं

तीन फेऱ्या. एक माथ्यावरनं, एक कोरड्या उताराच्या मधनं, एक पायथ्यानं. उतारावर नाकासमोर चालू नका, नागमोडी चाला, नाहीतर अर्धा भाग बघायचा राहतो.

माथ्यावर पहिल्यांदा एका टोकाला उकिडवं बसून दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाका, कड सरळ दिसते का कुठं झोल पडलाय ते लगेच दिसतं. अजून पक्कं करायचं तर गावातल्या गवंड्याला पकडा आणि त्याची पाणी भरलेली लेवलची नळी घेऊन दर वीस-पंचवीस पावलांवर माप घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. आमच्याकडं एका जागी माथा तब्बल नऊ इंच खाली बसलेला निघाला, वर्षानुवर्षं ट्रॅक्टर चढून उतरून. पावसात तिथं डबकं साचायचं आणि लोक त्याला नुसतं डबकं समजायचे. उद्या पूर आला तर पाणी भरावावरनं पहिल्यांदा त्याच जागेनं जाणार, आणि मातीच्या भरावावरनं पाणी गेलं की माती धुऊन निघायला काही तासही खूप होतात.

मग भेगा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळतेच, सगळ्या भेगांना घाबरायचं काम नाही. सळई घाला, चारदोन इंचात अडकली तर ती वरवरची. फूटभर आरामात आत गेली तर फोटो काढा, दोन्ही अंगाला खुंटी ठोका आणि खुंट्यांमधलं अंतर मोजून लिहून ठेवा, आठ दिवसांनी परत मोजा. भेग कुठल्या दिशेला आहे हे त्याहून महत्त्वाचं. माथ्याच्या रस्त्याला कापून, पाण्याकडनं कोरड्या अंगाला गेलेली भेग वाईट, कारण पाणी त्या उंचीला आलं की त्याला आयती वाट मिळते. रस्त्याच्या बरोबरीनं लांबवर गेलेली आणि टोकाला खाली वळलेली, चंद्रकोरीसारखी, आणि तिच्या खालचा भाग थोडा घसरल्यासारखा वाटतोय, पायथ्याला पोट सुटल्यासारखं दिसतंय, तर तो उतार निसटायला लागलाय. हे दिसलं की मोजमाप वगैरे सोडा, फोन लावा. तोवर भेगेत पावसाचं पाणी शिरू नये म्हणून वरनं ताडपत्री टाकून ठेवायची, एवढंच आपलं काम.

आता पायथा, खरं काम इथंच आहे. ओल दिसली की तिच्या कडेनं चुन्याची रेघ मारा आणि तारीख लिहा. पुढच्या वेळी ओल रेघेबाहेर गेली का बघा. पाणी वाहत असेल तर बाटलीत भरून पाच मिनिटं ठेवा, मग उन्हाकडं धरून बघा. स्वच्छ पाणी म्हणजे नुसतं पाणी येतंय. गढूळ असेल, तळाला माती बसत असेल, तर ते पाणी धरणाच्या पोटातली माती घेऊन येतंय, म्हणजे आतनं पोकळ व्हायला लागलंय. स्वच्छ पाण्याच्या मोठ्या धारेपेक्षा गढूळ पाण्याची करंगळीएवढी धार जास्त वाईट, हे आमच्या पोरांना पटवायला मला दोन पावसाळे लागले.

धार मोजायची पण सवय लावा. पाणी एका जागी गोळा होईल असं पन्हळ करा, खाली बादली धरा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. दहा लिटरची बादली ४० सेकंदांत भरली म्हणजे मिनिटाला १५ लिटर. आणि त्याच वेळी तळ्यात पाणी किती आहे तेही लिहा, त्यासाठी मे महिन्यात पिचिंगच्या दगडांवर ऑइलपेंटनं फूटफूट उंचीच्या खुणा करून ठेवायच्या, नाहीतर नुसत्या धारेच्या आकड्याला काही अर्थ नाही. पाणी चढलं की धार वाढणारच. पाणी तेवढंच असून धार वाढली, किंवा पाणी उतरतंय तरी धार वाढतेय, तर गडबड आहे. आणि धार एकदम बंद झाली तरी खूश होऊ नका, ती दुसरीकडं कुठंतरी फुटली असेल, शोधा.

पायथ्याजवळ कधीकधी जमिनीतनं पाणी उकळी आल्यासारखं वर येतं आणि भोवती बारीक वाळूचं रिंगण जमतं, मुंग्यांच्या वारुळासारखं. बघायला फार गोड दिसतं, पोरं त्यात काडी घालून खेळतात. ती धोक्याची खूण आहे.

झाडं, घुशी आणि खेकडे

भरावावर झाड नको, याच्यावर गावात भांडणं होतात कारण दरवर्षी जूनमध्ये कोणीतरी हौशी मंडळ वृक्षारोपणाला तळ्याचा भरावच निवडतं, फोटो चांगला येतो ना. वड-पिंपळाची मुळं गाभ्यापर्यंत जातात, आणि झाड मेलं की मूळ कुजतं आणि तिथं आयता पाईप तयार होतो. मनगटाएवढं व्हायच्या आत मुळासकट काढा. मोठं झालं असेल तर स्वतःच्या डोक्यानं जेसीबी लावून मुळं उपटू नका, त्यानं भगदाड पडतं, आधी लघु पाटबंधाऱ्याच्या इंजिनियरला दाखवा. गवत मात्र पाहिजे, आखूड, दाट. घाणेरी आणि वेडी बाभूळ साफ करायची, ती वाईट आहे म्हणून नाही, तिच्याखालचं काही दिसत नाही म्हणून.

खेकड्यांचा विषय निघाला की लोक हसतात. २ जुलै २०१९ ला रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली, आणि तेव्हाचे जलसंधारण मंत्री खेकड्यांमुळं फुटलं म्हणाले, त्यावर महिनाभर मीम चालले. खेकडा, घूस भराव पोखरतात यात खोटं काही नाही. पण खेकड्याला ओल लागते, कोरड्या भरावात तो घर करत नाही, म्हणजे खेकडा दिसला तर आधी विचारा की इथं ओल आली कुठनं. तिवऱ्याच्या लोकांनी गळतीची तक्रार आधीच केली होती असं तेव्हा सगळ्या पेपरांत आलं होतं.

बीळ बुजवायचं तर वरनं दगड कोंबून नाही. तोंड मोठं करून आत जिथवर पोकळी आहे तिथवर उकरायचं, मग ओलसर चिकण माती सहा-सहा इंचाच्या थरानं घालून धुमसानं ठोकायची. बीळ हाताच्या पलीकडं आत जात असेल तर आपण हात लावायचा नाही.

सांडवा, म्हणजे भांडणाचं मूळ

हे मी जरा रागातच लिहितोय. चारएक वर्षांमागं आमच्याकडं कोणीतरी डोकं चालवलं की बोटिंग सुरू करू, पण दिवाळीनंतर पाणी उतरतं, मग काय, सांडव्यावर वाळूची पोती रचून दोन फूट पाणी वाढवलं. तळं काय दिसत होतं म्हणून सांगू, पिचिंगच्या वरच्या दगडाला पाणी टेकलेलं, रील व्हायरल. सगळं गाव खूश. मी पोती काढा म्हणालो तर मला म्हणाले, भाऊ, सांडव्याच्या वर पाच फूट कोरडा भराव आहे की.

तो कोरडा भराव शिल्लक पडलेला नसतो हो. मोठा पूर आला की पाणी सांडव्यावरनंच दोन-तीन फूट जाडीनं वाहतं, वर वाऱ्याच्या लाटा, माथा कुठं बसलेला असतो तो खड्डा वेगळा. आमचा हिशोब मांडून बघा: पाच फुटांतले दोन पोत्यांनी खाल्ले, तीन पुरानं खाल्ले, आणि आमचा तो नऊ इंचाचा झोल अजून बाकीच आहे. म्हणजे भरावावरनं पाणी. शेवटी एका रात्री परतीचा पाऊस झाला, सकाळी सांडवा बघितला आणि ज्यांनी पोती रचली त्यांनीच काढली, मला काही बोलावं लागलं नाही.

तर सांडव्यात काहीही ठेवायचं नाही. मासे जाऊ नयेत म्हणून लावलेली जाळी सुद्धा नाही, तिला पालापाचोळा अडकतो आणि तासाभरात भिंत होते. मासेवाल्यांशी पावसाळ्याआधीच बोला, भर पावसात भांडून उपयोग नाही. सांडव्याच्या खालची चारी पण चालून बघा, ओढ्याला मिळेपर्यंत, मध्येच कोणी बांध सरकवून चारी नांगरलेली असते आणि मग पाणी वळून भरावाच्याच पायथ्याला खायला येतं.

पुण्याच्या जुन्या माणसांना विचारा पानशेत. १२ जुलै १९६१. ते पण मातीचंच धरण, काम पुरं व्हायच्या आत पावसाळ्यात भरलं, भराव खचायला लागला, रात्रभर जवानांनी वाळूची पोती टाकली आणि सकाळी गेलंच, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि निम्मं पुणं पाण्यात. उलट मालवणजवळचं धामापूरचं तळं घ्या, १५३० सालचं, मातीचाच बांध, अजून भरतं. माती कमी टिकाऊ असते असं नाही.

रविवारची गर्दी

लोकांना तळ्यावर येऊ नका म्हणायचं माझं मत नाही, उलट माणसं आली की बघणारे डोळे वाढतात. पण गाड्या माथ्यावर नकोत, दोन्ही टोकांना मोठे दगड लावून टाका, सरकारी गाडी जाईल एवढी फट साखळीनं बंद ठेवा. उतारावरनं माणसं आणि शेरडं जिथनं उतरतात तिथं पायवाट पडते, पायवाटेची पावसात घळ होते, म्हणून एकाच जागी दगडी पायऱ्या करून द्या, लोक आपोआप तिथनंच जातात. पिचिंगचे दगड चुलीला नेतात त्यांचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. आम्ही चुलीला वेगळे दगड आणून ठेवले, ते पण नेले.

पोहण्याचं नीट ऐका. पाझर तलावाचा तळ पूर्वी परातीसारखा होता, कडेनं हळूहळू खोल. २०१७ पासून सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना सुरू झाली, गाळ निघाला ते चांगलंच झालं, शेतं सुधारली, पण जेसीबीनं जिथं खोदलं तिथं उभ्या कडांचे खड्डे राहिले. गुडघाभर पाण्यातनं पुढचं पाऊल थेट दोन पुरुष पाण्यात. दरवर्षी कुठं ना कुठं पोरं जातात, त्यातली काही अशीच. मे महिन्यात तळं आटल्यावर खड्ड्यांचे फोटो काढा, तालुक्याला प्रिंट मारून पोहायच्या जागी फलक लावा, आणि खड्ड्यांच्या कडा जेसीबीवाल्याकडूनच उतरत्या करून घ्या, त्याचं मशीन तिथं असतानाच, गेल्यावर तो परत येत नाही. गाळ काढताना भरावाच्या पायथ्यापासून किती लांब राहायचं तेही इंजिनियरकडून आखून घेऊन चुन्याची रेघ मारायची, गाळाच्या लोभानं पायथाच खणलेला मी बघितलाय.

फलकाशेजारी एक खांब, त्याला पाच लिटरचे दोन रिकामे कॅन, झाकणं घट्ट, आणि साठ-सत्तर फूट दोरी. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, तोंड वर करून गप खालीवर होतो. त्याच्याकडं कॅन फेकायचा, बांबू पुढं करायचा, आपण उडी घ्यायची नाही, एकाच्या जागी दोन जातात. आणि १०८ लावायचा. बोट असेल तर जॅकेट अंगात पाहिजे, बोटीत नाही, आणि सांडवा वाहत असेल त्या दिवशी बोट बंद. वाहत्या सांडव्यात पाय सोडून सेल्फी तर नकोच, शेवाळावर पाय टिकत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय, त्या लोकांनाही थोडं आधी पाणी एवढंसंच दिसत होतं.

गढूळ पाणी आलंच तर

क्रम असा. पहिल्यांदा खालच्या वस्तीला उठवा, ओढ्याकाठचे, मळ्यातले, खालच्या अंगाला तंबू ठोकलेले पिकनिकवाले, शेवटच्यांना लोक हमखास विसरतात. मग तलाठी, सरपंच, तहसील, आणि जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, नाही लागला तर ११२. फोनवर धरण फुटतंय असं नुसतं ओरडू नका, सांगा: कोणतं तळं, सांडव्याकडनं किती अंतरावर, पाणी गढूळ आहे, धार मनगटाएवढी आहे, अर्ध्या तासात वाढली. असं सांगितलं की पलीकडचा माणूस हलतो.

कोरड्या बाजूला धारेच्या तोंडाला चिखल किंवा सिमेंट कोंबून बुजवू नका. पाणी कोंडलं की ते दुसरीकडनं जोरात फुटतं. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. तोंडावर आधी जाड वाळू, वर बारीक खडी, वर मोठी खडी, मग दगड, चहाच्या गाळणीसारखं. म्हणून मे महिन्यातच एक ब्रास (म्हणजे शंभर घनफूट) वाळू आणि दोन ब्रास खडी पायथ्याला आणून ठेवायची, रात्री दोनला डंपर मिळत नाही. हे पण धार लहान असेल आणि इंजिनियर फोनवर असेल तरच. धार वाढतेय, माथा बसतोय, किंवा तळ्यात भरावाजवळ भोवरा दिसतोय तर कोणी भरावावर थांबायचं नाही, ना वाळू ना खडी.

तक्रार कुठं

१०० हेक्टरपर्यंत भिजवणारी तळी जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधाऱ्याकडं, त्यावर ६०० हेक्टरपर्यंत राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडं, त्याहून मोठी जलसंपदाकडं. धरण सुरक्षा कायदा २०२१ चा आहे पण तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांचा, आणि दहा ते पंधरा मीटरमधली काही अटींवर, आपलं नऊ मीटरचं तळं त्यात बसत नाही. म्हणून तोंडी सांगू नका. ग्रामसभेत ठराव घ्या, अर्जाला फोटो, तारखा, बादलीचे आकडे जोडा, पोच घ्या. दोन वर्षं आमचे अर्ज पडून होते, तिसऱ्या वर्षी ४० सेकंदांची बादली २५ सेकंदांत भरायला लागली ते आकडे लावले आणि आठवड्यात साहेब येऊन लॉनवर उभे.

वही मात्र कोणाच्या घरी ठेवायची नाही, तो माणूस पुण्याला गेला की वही पण गेली. आमची भेळवाल्याकडं असते, गाड्याच्या खालच्या कप्प्यात, पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली. पानांना चटणीचा वास येतो. पण रोज तळ्यावर असणारा तोच एकटा, आणि मागच्या श्रावणात पाणी गढूळ दिसतंय म्हणून पहिला फोन त्याचाच आला, रात्री साडेनऊला. बाटलीत भरून बघितलं तर वरच्या वाटेवरनं आलेलं पावसाचं पाणी होतं. तेही वहीत लिहिलंय.